आइस हॉकीपटूची कारकीर्द असते कोणाच्या हातात?

९ ऑगस्ट १९८८. कॅनडातल्या एडमंटन शहरात पत्रकार परिषद भरली होती. वेन ग्रेट्झ्की तेव्हा २७ वर्षांचा होता. अडीच महिन्यांपूर्वी त्याने एडमंटन ऑयलर्सला चौथ्यांदा स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा चषक, मिळवून दिला होता आणि जेमतेम महिन्यापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. माइकसमोर बसून तो बोलायला लागला आणि त्याला रडू आवरेना. त्याची रवानगी लॉस एंजेलिसच्या संघात झाली होती. बदल्यात एडमंटनला काही खेळाडू, पुढच्या वर्षांतले ड्राफ्टचे, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क आणि दीड कोटी डॉलर मिळाले. ग्रेट्झ्कीने होकार दिला होता हे खरं, पण त्याला विकायचं हा विचार मालकाचा होता. कॅनडाच्या एका खासदाराने सरकारने यात पडून हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. व्यवहार व्हायचा तो झालाच.

जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूची ही कथा, मग बाकीच्यांचं काय होत असेल? आइस हॉकीपटूची कारकीर्द समजून घ्यायची तर गोलांची यादी पाहून भागत नाही. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा लागतो: या क्षणी याच्या आयुष्याचे निर्णय कोण घेतंय?

बर्फावरचे ४५ सेकंद

आधी खेळाबद्दल थोडं. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचं, म्हणजे एनएचएलचं रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. कोपरे गोलाकार, चारही बाजूंना फळ्यांची भिंत आणि त्यावर काच. चेंडूच्या जागी पक असतो: कडक रबराची, ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची चकती. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, म्हणजे तो उड्या न मारता बर्फावरून सरळ घसरत जातो. झ्डेनो चारा या उंचपुऱ्या बचावपटूने २०१२ मध्ये फटक्यांच्या स्पर्धेत मारलेल्या पकचा वेग ताशी १७५ किलोमीटर भरला होता. अशा पकसमोर जाणूनबुजून आडवं पडणं हा बचावपटूच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

२० मिनिटांचे तीन भाग. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आक्रमक. पण बेंचवर आणखी बारा-चौदा जण तयार बसलेले असतात, आणि या खेळाचं मर्म तिथेच आहे. गोलरक्षक सोडला तर कोणीही सलग खेळत नाही. साधारण ४५ सेकंद जीव तोडून स्केटिंग करायचं आणि बेंचकडे परतायचं. त्याच क्षणी दुसरा फळीवरून उडी मारून आत येतो. खेळ थांबलेला नसतो. या ४५ सेकंदांना शिफ्ट म्हणतात.

इतकी छोटी शिफ्ट का? पूर्ण जोर लावला की स्नायूंत साठवलेली तयार ऊर्जा काही सेकंदांतच संपते. मग स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता साखर जाळायला लागतात. हा मार्ग झटपट असतो, पण महाग पडतो. पाऊण मिनिटात मांड्या पेटतात, पाय जड होतात, आणि त्यानंतरचं प्रत्येक सेकंद प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याचं ठरतं. म्हणून एक नियम फार बोचरा आहे. दडपणाखाली एखाद्या संघाने स्वतःच्या अर्ध्या भागातून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावला, तर त्याला आयसिंग म्हणतात, आणि त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्या पाच जणांना तसंच उभं राहावं लागतं आणि समोरून ताजे पाच येतात. सामना पाहताना मी अशा वेळी पकपेक्षा त्या पाच जणांचे खांदे पाहतो. थकवा आधी खांद्यांत दिसतो.

अशा शिफ्ट जोडत गेलं की बड्या आक्रमकाला एका सामन्यात २० मिनिटांच्या आसपास खेळायला मिळतं, चौथ्या, म्हणजे शेवटच्या तुकडीतल्या खेळाडूला आठ-दहा मिनिटं. खेळाडूवरची पहिली सत्ता इथे दिसते. प्रशिक्षकाला आरडाओरडा करायची गरज पडत नाही; तो मिनिटं कापतो. मिनिटं कमी झाली की गोल कमी, गोल कमी झाले की पुढचा करार लहान.

पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडायचं

कॅनडात या वाटेची सुरुवात फार लवकर होते. कॅनेडियन हॉकी लीगच्या छत्राखाली तीन कनिष्ठ लीग आहेत: ओंटारिओची, पश्चिमेकडची आणि क्वेबेकची. त्यांचे संघ पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची निवड करतात. कोणत्या गावात राहायचं हे मुलगा ठरवत नाही, निवड करणारा संघ ठरवतो. मग आईवडिलांपासून शेकडो किलोमीटरवर एखाद्या अनोळखी कुटुंबाकडे तो राहायला जातो. ही यजमान कुटुंबं त्याला खोली देतात, जेवू घालतात, शाळेत पोचवतात. पुष्कळ खेळाडू पुढे या कुटुंबांना आपलं दुसरं घर मानतात, लग्नाला बोलावतात. हे सगळं ऐकायला गोड वाटतं आणि बऱ्याचदा असतंही. तरी मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही: ज्या वयात मुलं घरात दार आपटून भांडतात, त्या वयात हा मुलगा परक्यांच्या घरी शहाण्यासारखा वागत असतो.

या लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे पुढे एका वर्षाचं महाविद्यालयीन शिक्षण मिळवून देणारी योजना असते. दुसरा रस्ता अमेरिकी विद्यापीठांचा. पूर्वी या दोहोंतला एकच निवडावा लागायचा, कारण कनिष्ठ लीगमध्ये एकही सामना खेळलेल्याला अमेरिकी विद्यापीठांच्या संघांची दारं बंद असत. हा नियम २०२५ च्या मोसमापासून बदलला. सोळाव्या वर्षी घेतलेला एक निर्णय आता आधीसारखा कायमचा राहिलेला नाही, हे फार बरं झालं.

ड्राफ्ट: बोली नव्हे, वाटप

१८ वर्षं झाली की एनएचएलचा ड्राफ्ट. ३२ संघ, सात फेऱ्या, एकूण २२४ नावं. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघांना साधारणपणे आधी निवडीची संधी मिळते. अगदी वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. हा लिलाव नसतो. खेळाडूच्या नावावर बोली लागत नाही, त्याचे हक्क एका संघाला वाटून दिले जातात. लीगमध्ये खेळायचं तर त्याच संघाशी करार करावा लागतो.

ड्राफ्टच्या रात्री सगळे कॅमेरे पहिल्या फेरीवर रोखलेले असतात, पण १८ वर्षांच्या मुलाचं भविष्य वाचणं कोणालाही जमलेलं नाही. पावेल डात्सुक १७१ वा निवडला गेला होता आणि गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा. मार्टिन सेंट लुईला तर कोणीच निवडलं नाही, कारण तो बुटका होता. २००४ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

निवड झाली की बहुतेकांचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्या पगारावर लीगने कमाल मर्यादा घातलेली असते. खेळाडू कितीही चमकला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. बहुतेक मुलं थेट एनएचएलमध्ये पोचतही नाहीत. ती अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एक पायरी खाली खेळतात. तिथे लांबलांबचे बसप्रवास, लहान शहरं आणि फोनची वाट पाहणं. वरच्या संघात कोणाचा घोटा मोडला की फोन येतो, त्याचा घोटा बरा झाला की परत पाठवणी. अनेकांच्या एकाच करारात दोन पगार लिहिलेले असतात: वर खेळलास तर इतका, खाली खेळलास तर त्याच्या एका तुकड्याइतका. थोडा अनुभव झालेल्या खेळाडूला खाली पाठवायचं असेल तर आधी त्याचं नाव बाकी संघांपुढे २४ तास ठेवावं लागतं. त्या वेळात कोणीही त्याला उचलू शकतं. तो सकाळी एका शहरात उठतो आणि दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला असतो. बायकोचं, मुलांच्या शाळेचं काय, हा प्रश्न नियमांत कुठेच नाही.

पूर्ण मोकळीक मिळते ती वयाच्या २७ व्या वर्षी किंवा लीगमधले सात मोसम पूर्ण झाल्यावर. तेव्हा करार संपलेला असेल तर खेळाडू कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. पण आक्रमक खेळाडूचा भराचा काळ साधारणपणे विशीतच सरतो. दार उघडतं तेव्हा पाय आधीच थोडे मंदावायला लागलेले असतात.

पैसा: दिसतो किती, हाती किती

२००४-०५ चा मोसम झालाच नाही. मालक आणि खेळाडू यांच्यात जमलं नाही, मालकांनी टाळेबंदी केली आणि अख्खं वर्ष वाया गेलं. त्यातून पगाराची कमाल मर्यादा आली, म्हणजे एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करता येईल याचा वरचा आकडा. २००५-०६ मध्ये तो ३ कोटी ९० लाख डॉलर होता, २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख डॉलर. त्याच मोसमात लीगमधला किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता.

किमान पगार ऐकून डोळे विस्फारतात, पण त्यातून काय काय वजा होतं ते पाहा. अमेरिका आणि कॅनडा अशा दोन देशांतले आणि अनेक राज्यांतले कर, कारण जिथे जिथे सामना खेळला तिथे तिथे कर लागू होऊ शकतो. एजंटचा वाटा. शिवाय एक कपात खास या लीगची. हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नात खेळाडू आणि मालक यांचा निम्मा-निम्मा वाटा २०१३ च्या करारात ठरला. उत्पन्न वर्षाअखेरीसच कळतं, म्हणून प्रत्येक पगारातला काही भाग आधीच बाजूला काढून ठेवतात. खेळाडूंना निम्म्याहून जास्त गेलं असं दिसलं तर ती रक्कम मालकांकडे वळते. करारावरचा आकडा म्हणजे हाती पडणारा पगार नव्हे. आणि अनेकांची या लीगमधली कारकीर्द पाच वर्षंही टिकत नाही. तिशीच्या आत संपणारी कमाई पुढच्या पन्नास वर्षांना पुरवायची असते.

कमाल मर्यादेने आणखी एक गोष्ट केली. दोन-तीन ताऱ्यांना मोठे पगार दिले की उरलेल्या रकमेत स्वस्त खेळाडू बसवावे लागतात, आणि सर्वांत स्वस्त असतात पहिल्या करारावरची पोरं. मार बसतो तो मधल्या थरातल्या तिशीच्या खेळाडूला. तो वाईट खेळत नसतो, त्याचा पगार फक्त गणितात बसत नाही.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. गोलरक्षक रिक डिपिएट्रोने २००६ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. मग दुखापतींनी त्याला ग्रासलं. २०१३ मध्ये संघाने उरलेला करार मोडला. नियमानुसार उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग दुप्पट काळात विभागून द्यावा लागतो, म्हणून त्याला २०२९ पर्यंत दरवर्षी १५ लाख डॉलर मिळत राहणार आहेत. लोक यावर विनोद करतात. मला तो करार एका तरुण माणसाने हाताबाहेरच्या संकटांविरुद्ध काढलेला विमा वाटतो.

टेड लिंडसे आणि बॉबी ऑर

खेळाडूंच्या हाती आज जे थोडंफार आहे ते फुकट मिळालेलं नाही. टेड लिंडसे हा डेट्रॉइट रेड विंग्जचा बिनीचा खेळाडू. १९५६-५७ च्या मोसमात गुणांच्या (गोल आणि गोलला केलेलं साहाय्य मिळून) यादीत तो लीगमध्ये दुसरा होता; पहिला होता त्याचाच सहकारी गॉर्डी हाऊ. त्याच वर्षी लिंडसेने खेळाडूंची संघटना बांधायला घेतली. मागण्या साध्या होत्या: निवृत्तिवेतनाच्या निधीत किती पैसे आहेत ते दाखवा, किमान पगार ठरवा. १९५७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला शिकागोला पाठवून दिलं, म्हणजे तेव्हाच्या तळातल्या संघात. कारकिर्दीतल्या सर्वोत्तम मोसमांपैकी एक खेळलेल्या माणसाला दिलेली ती शिक्षा होती, आणि इतर खेळाडूंना तिचा अर्थ बरोबर कळला. संघटना मोडली. पुढची उभी राहायला १९६७ उजाडावं लागलं. लिंडसेचा स्वभाव कळायला आणखी एक प्रसंग पुरे: १९६६ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या सन्मानयादीत समावेश झाला, पण सोहळा फक्त पुरुषांसाठी आहे, बायकोमुलांना येता येणार नाही असं कळल्यावर तो गेलाच नाही. पुढच्या वर्षी प्रथा बदलली.

१९६७ च्या संघटनेचा सूत्रधार होता टोरांटोचा वकील अॅलन ईगलसन. तो खेळाडूंचा एजंटही होता, आणि त्याचा सर्वांत मोठा खेळाडू होता बॉस्टन ब्रुइन्सचा बॉबी ऑर. बचावपटू म्हणजे मागे थांबून गोल वाचवणारा, ही समजूत ऑरने मोडून काढली. बचावपटू असून त्याने १९७० आणि १९७५ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले. हे आजवर दुसऱ्या बचावपटूला जमलेलं नाही. गुडघा मात्र पुन्हा पुन्हा कापावा लागला. १९७६ मध्ये करार संपला तेव्हा बॉस्टनने त्याला संघाच्या मालकीत १८.५ टक्के वाटा देऊ केला होता. ईगलसनने ही गोष्ट त्याच्या कानावर घातली नाही आणि त्याला शिकागोला नेलं. ऑर ईगलसनला भावासारखा मानायचा, कागद न वाचता सही करायचा. १९७८ मध्ये वयाच्या ३० व्या वर्षी गुडघ्याने खेळ थांबवला, आणि मग ऑरला कळलं की आपण जवळजवळ दिवाळखोर झालो आहोत.

ईगलसनने १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले, त्याला तुरुंगवास झाला आणि हॉल ऑफ फेममधलं त्याचं नावही गेलं. ऑर पुढे स्वतःच एजंट झाला. ज्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने आपल्याला लुटलं त्या खुर्चीवर बसून तो वीसेक वर्षं कोवळ्या मुलांचे करार वाचत राहिला. या खेळातली मला सर्वांत भावणारी गोष्ट हीच आहे. त्याच्या कुठल्याही गोलपेक्षा जास्त.

मारियो लेम्यूने वेगळा मार्ग काढला. पिट्सबर्ग पेंग्विन्स दिवाळखोरीत गेला तेव्हा संघाकडून त्याचे पगाराचे कोट्यवधी डॉलर येणं होतं. त्या थकबाकीच्या बदल्यात त्याने मालकी मागितली आणि १९९९ मध्ये तो आपल्याच संघाचा मालक झाला. वर्षभराने, डिसेंबर २००० मध्ये, निवृत्ती मागे घेऊन तो पुन्हा बर्फावर उतरला. मालक आणि खेळाडू एकाच जर्सीत!

डोक्याचा मार

१३ जानेवारी १९६८ रोजी मिनेसोटाचा बिल मास्टरटन धक्का लागून मागे पडला आणि त्याचं डोकं बर्फावर आपटलं. दोन दिवसांनी तो गेला. तेव्हा जवळजवळ कोणीच हेल्मेट घालत नसे. घालणाऱ्याला भित्रा समजत. तरीही नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७९ उजाडलं. जुन्यांना सूट होती, आणि हेल्मेटशिवाय खेळणारा शेवटचा खेळाडू १९९७ मध्ये निवृत्त झाला. गोलरक्षकांचंही तसंच. जॅक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ ला पक लागून तोंड फाटल्यावर टाके घालून घेतले आणि मुखवटा घातल्याशिवाय परत जाणार नाही असं प्रशिक्षकाला बजावलं. तोवर गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहायचे.

पण हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. मेंदू द्रवात तरंगतो. डोकं झटक्याने थांबलं किंवा वळलं की आत मेंदू हलतो, पिळवटतो. या दुखापतीला कन्कशन म्हणतात. नेहमीच्या स्कॅनमध्ये ती बहुधा दिसत नाही. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं, तिथे वाद संपतो. इथे डॉक्टरला खेळाडूच्या शब्दावर विसंबावं लागतं, आणि खेळाडूला ठाऊक असतं की ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की त्याच्या जागेवर कोणीतरी उडी मारून आत येईल. परत ती जागा मिळेलच असं नाही.

सिडनी क्रॉस्बीच्या जागेला मात्र धोका नव्हता, तरी त्याचं काय झालं पाहा. १ जानेवारी २०११ ला त्याच्या डोक्याला धक्का लागला. तो खेळत राहिला. ५ जानेवारीला दुसरा धक्का. तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि लीगच्या गुणतक्त्यात सर्वांत वर होता. पुढचा सामना तो खेळला २१ नोव्हेंबरला. त्या रात्री दोन गोल आणि दोन साहाय्य अशी धडाक्यात पुनरागमनाची पार्टी झाली, आणि आठ सामन्यांनी लक्षणं परतली. पुन्हा तीन महिने बाहेर. नंतर २०१६ आणि २०१७ मध्ये त्याने स्टॅनली कप उंचावला, म्हणून आज ही गोष्ट सुखान्त वाटते. मधल्या काळात तो पुन्हा खेळेल की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

काही नियम बदलले. डोक्यालाच लक्ष्य करून बाजूने मारलेल्या धक्क्यावर २०१० मध्ये बंदी आली. संशय आल्यावर खेळाडूला शांत खोलीत नेऊन तपासणं सुरू झालं, आणि पुढे सामन्यावर नजर ठेवणारे निरीक्षक नेमले गेले, ज्यांना खेळाडूला बाहेर काढायचा अधिकार आहे. हा निर्णय खेळाडूच्या हातून काढून घेतला हे मला योग्य वाटतं. स्वतःच्या मेंदूबद्दल स्वतःशी खोटं बोलावं लागेल अशी वेळ २० वर्षांच्या मुलावर आणूच नये.

मारामारीचं काय? या लीगमध्ये मुष्टियुद्धाला पाच मिनिटांची शिक्षा आहे, आणि अनेक वर्षं संघ केवळ मारामारीसाठी एखादा धिप्पाड खेळाडू बाळगायचे. डेरेक बूगार्ड असाच एक. ताऱ्यांना कोणी हात लावू नये म्हणून ठोसे खाणं आणि देणं हे त्याचं काम. मे २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र होऊन तो गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. त्याच्या मेंदूत वारंवार मार बसल्याने होणाऱ्या झिजेचा आजार सापडला. हा आजार निश्चितपणे ओळखता येतो तो मृत्यूनंतरच. २०१८ मध्ये तीनशेहून अधिक माजी खेळाडूंनी लावलेल्या खटल्यात लीगने जवळपास १ कोटी ९० लाख डॉलरवर तडजोड केली, जबाबदारी मात्र मान्य केली नाही.

ज्या मास्टरटनचा जीव गेला त्याच्या नावाने लीग दरवर्षी चिकाटीचा पुरस्कार देते. २०१९ मध्ये तो गोलरक्षक रॉबिन लेनरला मिळाला. आदल्या वर्षी त्याने आपलं दारूचं आणि गोळ्यांचं व्यसन आणि बायपोलर आजार यांबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं. पुरस्कार घेताना तो म्हणाला, मानसिक आजार असणं म्हणजे मनाने दुबळं असणं नव्हे. लीग आणि खेळाडू संघटना मिळून १९९६ पासून एक मदत योजना चालवतात. खेळाडू गुप्तपणे उपचार घेऊ शकतो आणि तो मोसमाच्या मध्येही बाजूला झाला तर सहसा कारण विचारलं जात नाही.

आणि स्त्रिया

वर लिहिलेलं बहुतेक सगळं पुरुषांचं आहे, कारण स्त्रियांना पूर्णवेळ व्यवसाय म्हणून हा खेळ खेळता येईल अशी भक्कम लीग उत्तर अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पहिल्या मोसमातला किमान पगार ३५ हजार डॉलर होता. त्याआधीच्या पिढ्यांनी नोकरी सांभाळून सराव केला. हेली विकेनहायझरने कॅनडासाठी २००२ ते २०१४ दरम्यान सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली, फिनलंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये गोलही केला, आणि मग वैद्यकीय शिक्षण घेऊन २०२१ मध्ये डॉक्टर झाली. टोरांटो मेपल लीफ्समध्ये तरुण खेळाडू घडवण्याचं काम ती त्याच काळात करत होती. बर्फाबाहेरचं आयुष्य आधीपासून उभं करत राहणं ही तिची गरज होती. पुरुष खेळाडूंपैकी फार थोड्यांनी ते आपणहून केलं.

३१ व्या वर्षी निवृत्त झालेला वकील

केन ड्रायडन त्यांतला एक. माँट्रियल कॅनेडियन्सने मार्च १९७१ मध्ये या गोलरक्षकाला वर बोलावलं. साखळीतले जेमतेम सहा सामने खेळून तो बाद फेरीत उतरला, संघाने स्टॅनली कप जिंकला आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. नवोदिताचा पुरस्कार त्याला त्यानंतरच्या वर्षी मिळाला!

खेळता खेळता तो मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकत होता. १९७३ मध्ये पगारावरून संघाशी मतभेद झाले. दुसऱ्या कोणाला पर्याय नसता. ड्रायडनकडे पदवी होती. तो टोरांटोत एका वकिली कचेरीत उमेदवारी करायला गेला आणि अख्खा १९७३-७४ चा मोसम खेळला नाही. पुढच्या वर्षी तो परतला, तोही चांगल्या करारावर, आणि १९७६ ते १९७९ असे सलग चार कप जिंकले. आठ मोसमांत सहा कप. ३९७ सामन्यांत हार फक्त ५७ वेळा. मग वयाच्या ३१ व्या वर्षी, गुडघे शाबूत असताना, कोणी ढकललेलं नसताना, तो थांबला. पुढे त्याने पुस्तकं लिहिली, टोरांटो मेपल लीफ्सचं अध्यक्षपद सांभाळलं, २००४ मध्ये तो खासदार आणि केंद्रीय मंत्री झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं निधन झालं. शेवटच्या वर्षांत त्याने ज्या विषयाचा सर्वाधिक पाठपुरावा केला तो होता डोक्याला बसणारा मार.

बहुतेकांचा शेवट असा नसतो. पंधराव्या वर्षापासून दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने आखून दिलेला असतो: सकाळचा सराव, जेवण, दुपारची झोप, सामना, विमान. एके दिवशी ते वेळापत्रक यायचं थांबतं. कित्येक माजी खेळाडू सांगतात की त्यांना चुकल्यासारखं वाटतं ते प्रेक्षकांवाचून नव्हे, तर ड्रेसिंग रूमवाचून. काही जण प्रशिक्षक होतात, काही समालोचक, काही खालच्या लीगमध्ये खेळत राहतात. गॉर्डी हाऊ ५२ व्या वर्षापर्यंत खेळला आणि स्वतःच्या दोन मुलांबरोबर एका संघातून खेळला.

स्टॅनली कप जिंकलेल्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला तो चषक एक दिवस स्वतःकडे नेता येतो. कुठे न्यायचा ते तोच ठरवतो: आजीच्या घरी, लहानपणीच्या रिंकवर, यजमान कुटुंबाच्या स्वयंपाकघरात. हॉल ऑफ फेमचा माणूस चषकासोबत असतो. खेळाडूचं नाव चषकाच्या पट्टीवर कोरलं जातं. पट्ट्या पाच, प्रत्येकीवर साधारण तेरा विजेत्यांना जागा. शेवटची भरली की सर्वांत वरची काढतात आणि टोरांटोच्या संग्रहालयात ठेवतात. २०१८ मध्ये १९५४ ते १९६५ या काळातली पट्टी निघाली, आणि तिच्याबरोबर गॉर्डी हाऊचं नावही.